काळ्या काठाची गाडी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. म्हणजे आपल्या घरात हल्ली ज्याला ठीक म्हणतात, तेवढं ठीक आहे. तू म्हणशील, बाबांनी पत्र लिहिलं म्हणजे फोन बिघडला असणार. फोन उत्तम चालतोय. बिघाड तुझ्या बाजूला आहे. आईचा विषय काढला की तुझ्या दारावर नेमकी बेल वाजते, नाहीतर गॅसवर दूध उतू जातं. इतकं दूध रोज उतू जात असेल तर तुम्ही लोक काळा चहाच पीत असाल. म्हणून म्हटलं, लिहावं. पत्राला मधेच "बरं बाबा, ठेवते" असं म्हणता येत नाही. तेव्हा बूड टेकव जरा आणि शेवटपर्यंत वाच. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे तुला नव्यानं सांगायला नको. दुकानात गिऱ्हाईक चप्पल मागायचं आणि मी आधी त्याच्या टाचेची चौकशी करत बसायचो.

तर बातमी अशी की मी आपल्या गाडीच्या कडा काळ्या केल्या. हसू नकोस. या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, गाडीभोवती रांगत फिरलोय मी. गाडीला चाकांच्या कमानींवर, दारांच्या मधून आणि पुढच्या-मागच्या बंपरला जे काळं प्लॅस्टिक आहे ना, ते. काळं होतं, असं म्हणायला हवं. उन्हानं त्याचा पार भुगा व्हायची वेळ आली होती. बोट फिरवलं की बोटाला राखाडी भुकटी. गाडीचा निळा रंग अजून बऱ्यापैकी टिकलाय, पण कडा अशा विटलेल्या की गाडी आजारातून उठल्यासारखी दिसायची. मी रोज तिच्याजवळून जायचो आणि मला ते दिसत नव्हतं, कारण घरात त्याहून मोठं आजारपण होतं. दिसलं ते तुझ्या आईला.

नेहमीचा आपला रविवार. संध्याकाळी तळ्यावर जायचं, गाडीतच बसून पाणी बघायचं, काळोख पडायच्या आत घरी. तुझ्या आईचं बाकी काय काय सुटलं, पण हे सुटलं नव्हतं. दुपारपासून पर्स खांद्याला लावून बसायची. त्या दिवशी दाराबाहेर आली आणि पायरीवरच थांबली. म्हणाली, ही आपली गाडी नाही, आपली काळ्या काठाची आहे. मी समजूत घातली. नंबर दाखवला. मागच्या सीटवर तू पेनानं काढलेली मांजर दाखवली. तर ती घाबरली गं. माझा हात धरून मागं ओढायला लागली, म्हणाली, अहो, लोकांच्या गाडीला हात लावू नका, मार खाल. मी हसलो, आणि मग मुकाट किल्ली खिशात टाकली, कारण ती खरोखर थरथरत होती.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. टॅक्सी करून बघितली तर सिग्नलला तिनं दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. टॅक्सीवाल्यानं मला जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. त्यानंतर ती घरातून बाहेर पडेना. मग खिडकीशी बसेना. मग दुपारचेही पडदे ओढायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिला बाहेर काढत जा, माणसं दाखवा, आभाळ दाखवा, नाहीतर जे शिल्लक आहे तेही मिटत जाईल. आणि इथे बाईसाहेब गाडीत पाय ठेवायला तयार नाहीत. मी पुरता हबकलो होतो, भिंगरी. तुला फोनवर यातलं काही बोललो नाही, कारण तू ऐकायला तयार नव्हतीस आणि मी सांगायला.

काळा काठ हे तिच्या तोंडून आलं म्हणून मला आशा वाटली. काहीतरी आठवतंय म्हणायचं! तुला ती गाडी घेतली तो दिवस आठवत नसेल. तुझे पुढचे दोन्ही दात पडलेले होते आणि तू सगळ्यांना जीभ काढून दाखवत होतीस. एका नकाशे काढणाऱ्या गृहस्थांकडून आपण ती घेतली. ते इंजिनाबद्दल बोलत होते, मी जाणत्यासारखी मान हलवत होतो, आणि तुझी आई गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, हिनं काजळ घातलंय बघा, हीच घ्यायची. झालं. इंजिन राहिलं बाजूला. काजळावर गाडी घेणारं दुसरं कुटुंब मी तरी पाहिलेलं नाही.

ते काजळ पहिल्यांदा फिकं पडलं तेव्हा मी काय केलं, ते तुला चांगलं आठवत असेल, कारण त्याचे चटके तुलाही बसले. मी पडलो बुटांचा दुकानदार. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे एकच औषध. तुझं दप्तर, आईच्या पर्सचा बंद, रेडिओचं कव्हर, आजोबांच्या काठीची मूठ, एवढंच काय, एकदा खुर्चीचा पाय, सगळं मी बुटाच्या पॉलिशनं निस्तरलेलं. मग गाडीनं काय पाप केलंय? डबी उघडली, ब्रश घेतला आणि सगळं प्लॅस्टिक घासून काढलं. अशी चकाकली म्हणून सांगू! मी रस्ता ओलांडून पलीकडून बघून आलो. त्याच संध्याकाळी आईच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. तिनं शाळेच्या ग्रंथालयाची इतकी वर्षं निगराणी केली म्हणून तिचा सत्कार. खास शिवून घेतलेला मोतिया रंगाचा कोट. वाटेत बाईंनी नेहमीप्रमाणे काच खाली करून, खालच्या काळ्या पट्टीवर कोपर टेकवून, वारा खाल्ला. शाळेत उतरली तर बाही मनगटापासून कोपरापर्यंत काळीकुट्ट. अख्खा समारंभ तिनं तो हात पाठीमागे धरून काढला. मुख्याध्यापकांनी पुष्पगुच्छ दिला तो एका हातानं घेतला, तर लोकांना वाटलं, काय हा तोरा! परतीच्या वाटेवर ती काळी बाही मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. मी मेल्याहून मेल्यासारखा. आणि चौकात सिग्नल लागला तशी ती हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली, की हिरवा लागून गेला तरी मला गाडी हलवता येईना. मागचे हॉर्न वाजवत होते आणि आम्ही दोघं डोळे पुसत होतो.

पॉलिश लावू नका असं ती मला सांगू शकली असती. सांगितलं नाही. उलट स्वतःच एक रीत पाडली. गाडीशी आली की दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारायच्या, कपडे गोळा करायचे, आणि दाराला अंग न लावता तिरकं होऊन आत शिरायचं. सीटवर बसलं की कोपर माझ्यापुढे करायचं, अहो, बाही बघा. मी म्हणायचो, स्वच्छ. मग किल्ली फिरवायची. उन्हाळा असो, हिवाळा असो, सतरा कामं डोक्यावर असोत, हे झाल्याशिवाय आपली गाडी निघाली नाही. तू तर बंडच केलं होतंस. वर्गातली पोरं तुला पॉलिशवाली म्हणून चिडवायची, मोज्यांना डाग पडायचे, आणि या गाडीत बसलं की आपण बुटाच्या खोक्यात बसलोय असं वाटतं, म्हणून तू नाक दाबून बसायचीस. तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तुझ्या ओढणीला एक काळा ठिपका होता. तो माझ्याशिवाय कुणाला दिसला नाही असं मी समजत होतो. आईनं नंतर सांगितलं, तिला दिसला होता.

गेल्या वर्षी दुकान बंद केलं, ते तुला ठाऊक आहे. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. उरलेल्या डब्या, ब्रश, लाकडी ठोकळे, सगळं वाटून टाकलं. म्हटलं, आता आईजवळ बसायचं, हात स्वच्छ ठेवायचे. चार-दोन आठवड्यांत माझी नखं अशी पांढरी झाली की मलाच परकी वाटायची. तेव्हापासून गाडीलाही पॉलिशचा हात लागला नाही. आणि तेव्हापासूनच, असं आता वाटतं, तुझी आई माझ्याशीही जरा बिचकून वागायला लागली. ती मला अहो म्हणायची, पण ते अहो माझ्यासाठी आहे की गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसासाठी, काही कळायला मार्ग नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या अहोचा राग आला. नावानं हाक मारत असती तर निदान नाव चुकल्याचं तरी समजलं असतं!

असो. तर मी गेलो आपल्या कोपऱ्यावरच्या गाड्या रंगवणाऱ्याकडे. त्याला सगळे सबुरी म्हणतात, कारण तो दर वाक्याला सबुरी म्हणतो आणि स्वतः मात्र क्षणात तापतो. त्यानं कडांवर नख फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं जसा डॉक्टर दारुड्याकडे बघतो. काय लावायचात? मी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, काका, ही इतक्या वर्षांची पुटं आधी उतरवा, मग माझ्याशी बोला. वर मजा म्हणून त्यानं गरम हवेचं यंत्र आणलं, केस वाळवायचं असतं त्याचाच दांडगा भाऊ, आणि बंपरच्या कोपऱ्यावर धरलं. भिंगरी, ते राखाडी प्लॅस्टिक माझ्या डोळ्यांदेखत काळंभोर झालं! मी टाळ्या वाजवणार होतो. तर म्हणे, सबुरी, ही नुसती जादू आहे, आतलं तेल वर येतं, चार महिन्यांत पुन्हा पांढरं, आणि जरा जास्त वेळ धरलं तर बंपरची लाट होईल. टिकायला हवं असेल तर घासा, धुवा, वाळवा, आणि मग हे लावा. असं म्हणून त्यानं एक एवढीशी बाटली दिली. अत्तराची असावी तशी.

मग काय, बसलो. साबणाचं पाणी, जुने दात घासायचे ब्रश आणि सबुरीचं ते पॉलिश कापणारं औषध. जाळीच्या खाचांमधून, आरशांच्या टोपणांखालून, कुठून कुठून पॉलिश निघत होतं. काळं पाणी पायरीवरून गटारात वाहत होतं आणि मी ते बघत होतो. खरं सांगतो, मला थोडं वाईट वाटलं. पण हात चालू ठेवला. निळ्या रंगाला डाग लागू नये म्हणून कडेनं कागदी पट्टी चिकटवायची, ती मी तीनदा वाकडी चिकटवली. तुझी आई त्या दिवशी पडदा बाजूला करून बघत होती. मदतीला येणाऱ्या बाईंना तिनं सांगितलं, तो माणूस सकाळपासून उन्हात राबतोय, त्याला चहा द्या. तो माणूस म्हणजे मी. चहा कामगारांसाठी ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून आला. पायरीवर बसून मी तो प्यायलो, काय करणार. पण चहा तिनं स्वतः केला होता आणि साखर बरोब्बर माझ्या मापाची होती. मी बाईंना दोनदा विचारून खात्री करून घेतली.

बाटलीतलं औषध लावायचं म्हणजे सोनाराचं काम. छोट्या गादीवर थोडंसं घ्यायचं, एकाच दिशेनं ओढायचं, पुन्हा त्याच जागी फिरवायचं नाही, आणि मग दवापासून, पाण्यापासून, मांजरांपासून जपायचं. मांजरांपासून जपणं सगळ्यात अवघड. पण काय सांगू तुला, असं काम उतरलं! पॉलिशसारखं चकचकीत नाही, मवाळ काळं, खोल. पहिल्या दिवशी आईला दिसलं होतं तसं काजळ. सबुरीसुद्धा आला, गाडीभोवती फिरला, आणि नुसतं हं म्हणाला. त्याच्याकडून हं म्हणजे शाल-श्रीफळ. रविवारी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. नवरदेव बरा इतका नटलो. गाडी दारात उभी केली आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं.

ती गाडीभोवती फिरली. पट्टीवरून हात फिरवला. तिला आवडलंही. चेहरा उजळला तिचा. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाली, छान आहे हो. कुणाची?

मी तिला आत नेऊन बसवलं आणि परत बाहेर येऊन गाडीच्या आड, रस्त्याकडच्या बाजूला, खाली बसून रडलो. लिहायला लाज वाटत नाही. आईच्या दुखण्यात मी इतका कधी रडलो नव्हतो, निदान साठवून ठेवलं होतं ते सगळं तिथं बाहेर आलं. आणि तिथं बसल्या बसल्या मला तू आठवलीस. गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा तिनं तुला अहो-जाहो केलं, पाहुण्यांचे कप काढले, कुठून आलात, घरी कोण कोण असतं, असं विचारलं, आणि तू सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस. नवरा आहे, एक मुलगा आहे, आई-वडील आहेत, म्हणालीस. दोन दिवस आधीच निघालीस. नंतर फोनवर म्हणालीस, बाबा, लागेल ते पाठवीन, पण मी आता येणार नाही, तिला मी कुणीच नाही आणि मला ते बघवत नाही. मला तुझा भयंकर राग आला होता. म्हटलं, मी रोज बघतोय ते? तेव्हापासून मी तुला एकदाही ये म्हटलं नाही. त्या रविवारी गाडीच्या आड बसून तो राग उतरला. तुझी हालत काय झाली असेल ते मला माझ्या अंगावर आल्यावर कळलं.

त्यानंतर मी गाडीचा नाद सोडला. आता पुढचं वाच, घाई करू नकोस. मागच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलानं बोलावलं होतं, वडिलांची पंच्याहत्तरी होती. म्हटलं, बुटांच्या दुकानदारानं धुळकट बूट घालून जाणं बरं दिसत नाही. कपाटाच्या तळाशी एक डबी सापडली, अर्धी सुकलेली. दुपारी पायरीवर बसलो, दार उघडंच, गाडी समोर. डबीला काडी लावून जरा वितळवलं आणि एका बुटाला पॉलिश फासलं, तो पायात चढवला आणि दुसरा हातात घेतला. आतून पावलं वाजली. तुझी आई दारात येऊन उभी राहिली. तिनं वास घेतला. असं नाक वर करून, डोळे बारीक करून. मग माझ्या अंगावरून पुढे गेली, गाडीशी, आपल्या बाजूच्या दाराशी. आणि तिनं दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या.

माझ्या हातातला बूट खाली पडला. ती तशीच उभी, कपडे गोळा करून, आणि आता दार उघडायचं की मुहूर्त बघायचाय, अशा नजरेनं माझ्याकडे बघतेय. मी काळ्या हातांनी दार उघडलं. दाराला अंग न लावता ती तिरकी होऊन आत शिरली. मी वळसा घालून माझ्या बाजूला कसा पोहोचलो मला आठवत नाही. बसलो तर कोपर माझ्यापुढे. अहो, बाही बघा. भिंगरी, ते अहो माझं होतं. त्यात टाकीवाला नव्हता, रंगारी नव्हता, कुणी नव्हतं. मी म्हटलं, स्वच्छ. किल्ली फिरवली आणि आम्ही तळ्यावर गेलो. माझ्या एका पायात पॉलिशचा बूट आणि दुसऱ्या पायात घरातली सपात. पंच्याहत्तरी बुडाली ती बुडालीच.

तिला सगळं आठवायला लागलं, असं समजू नकोस. तळ्यावर तिनं मला विचारलं, हे पाणी कुणी भरलं. पण ती बसली, वारा खाल्ला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि एक पक्षी बघून हसली. आता मी रोज काचेखालच्या पट्टीवर बोटभर पॉलिश लावतो. सबुरीनं ते बघितलं आणि त्याची सबुरी सुटली. एवढ्या मेहनतीनं बसवलेल्या थरावर बुटाचं पॉलिश! काका, तुमच्या पाया पडतो, असं काय करताय! मी त्याला कारण सांगितलं. त्यानं हातातल्या फडक्यानं पट्टीची बाहेरची कड पुसली आणि म्हणाला, निदान आतल्या बाजूनं लावा. आतल्या बाजूनं लावतो. तिची बाही काळी होते, मी स्वच्छ म्हणतो.

आता मुद्दा. त्या दिवशी तळ्यावरून परत आलो, गाडीतून उतरलो, आणि तुझी आई उंबऱ्याशी थबकली. खाली बघत राहिली. मला वाटलं, आता घरही आपलं नाही म्हणते की काय. तर म्हणाली, आज दार मोकळं कसं? पोर आली नाही वाटतं अजून. तू यायचीस तेव्हा फाटकाला लाथ मारून यायचीस, ते करकर करायचं, आई भूक लागलीऽ अशी आरोळी रस्त्यापासून, आणि दारात मधोमध चपला, एक इकडे, एक तिकडे, त्यातली एक हमखास उपडी. बुटांच्या दुकानदाराची पोर आणि चपला ठेवायची अक्कल नाही, म्हणून ती रोज तुझ्यावर खेकसायची. तुझं लग्न होऊन मूल झालं तरी खेकसायची. ती अजून रोज दारात त्या चपला शोधते गं, मलाच उशिरा समजलं. गेल्या खेपेला तू कशी आलीस ते आठव. हळूच. फाटक हातानं लोटून. इस्त्रीचे कपडे, मंद अत्तर, भिंतीला लावून ठेवलेले बूट, आणि नर्ससारखा तो गोड आवाज, आई, मी कोण ते ओळख बघू. मीही तेच करत होतो, तुला दोष देत नाही. पण तशा आलेल्या बाईंना तीच काय, मीसुद्धा पाहुण्यांचा कप दिला असता. तेव्हा तू ये. ती ओळखेलच असं वचन मी देत नाही, गाडीवर एकदा भरवसा ठेवून बघितलाय. पण ये, आणि नीट येऊ नकोस. लाथ मार, आरोळी ठोक, चपला फेक, मी उचलणार नाही. कडा काळ्या केल्यावर मला दुरुस्तीचं वेड लागलं होतं, फाटकाला तेल घालायचं म्हणून कुपी घेऊन गेलोही होतो. घातलं नाही. ते आहे तसंच वाजतं.

तुझाच,
पुन्हा काळ्या नखांचा
बाबा